पोलाद, जर्मन आणि खंडेनवमीचा नारळ

आमच्या घरात अ‍ॅल्युमिनियमला कोणी अ‍ॅल्युमिनियम म्हणत नाही. त्याला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा टोप, जर्मनची कढई. असं का म्हणतात ते मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा 'म्हणतात म्हणून म्हणतात' असं उत्तर मिळालं, आणि त्याहून बरं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. त्यामुळे मुरबाडच्या कारखान्यात मला लेझरच्या मशीनवर घेतलं त्या संध्याकाळी टोकावड्याला घरी येऊन मी सांगितलं, की आता पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना जोडायचं काम आहे, तेव्हा वहिनीनं चुलीपुढून मान वळवून विचारलं, "म्हंजे जर्मनला लोखंड चिकटवायचं?"

"हो."

"त्या दोघांना इचारलंय का आदी?"

दादा हसला. दादा सहसा हसत नाही, म्हणून ते लक्षात राहिलं. मी मात्र चिडलो. एक तर दिवसभर नव्या मशीनचं पुस्तक वाचून डोकं पिकलं होतं, आणि दुसरं म्हणजे तिचा प्रश्न बरोबर होता. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं एकमेकांशी पटत नाही. एक वितळतं तेव्हा दुसरं जेमतेम लाल व्हायला लागलेलं असतं. दोन्ही वितळवून एकत्र केली तर जोड होतो, पण तो काचेसारखा ठिसूळ होतो. यावरून संसाराचे दाखले देणारी माणसं मला पुढे पुष्कळ भेटली. मला ती आवडत नाहीत. धातू हे धातू असतात.

वहिनीचं माहेर शेणव्याचं. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत जात होतो. आई आमची आधीच गेली होती, बाप नंतर गेला, आणि घरात उरलो दादा, ती आणि मी. त्यांना मूलबाळ झालं नाही. रीतीप्रमाणे ती मला भावोजी म्हणते, पण भावोजींना अहो-जाहो करायचं असतं हे तिनं कधी मनावर घेतलं नाही. मीही तिला 'अगं वहिनी' म्हणतच वाढलो. तिनं मला भाकरी वाढली तशा शिव्याही वाढल्या, दोन्ही पोटभर.

आयटीआय करून मी वेल्डर झालो आणि बरीच वर्षं बाहेरच राहिलो. कधी भिवंडीला, कधी कल्याणच्या पुढे, चार पोरांत एक खोली करून. ग्रील, फाटकं, ट्रॉल्या, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे. मग दादा पेंढ्याच्या उडवीवरून पडला आणि त्याची कंबर गेली. म्हणजे तो चालतो, बसतो, पण वाकता येत नाही, आणि भाताच्या शेतात वाकता येत नसेल तर माणसानं बांधावर बसून हुकूम सोडण्यापलीकडे काय करायचं? त्याच सुमाराला मुरबाडमध्ये काम मिळालं आणि मी घरी राहायला आलो. सकाळी शेतावर जायचो, मग एसटीनं मुरबाडला, संध्याकाळी परत. वहिनीला याहून जास्त काही नको होतं. "घरचा गडी घरात हाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. माझ्यासाठी मुली बघायला तिनं सुरुवात केली तेव्हा पहिलं वाक्य हेच असायचं, की मुरबाडला कामाला आहे आणि घरून जाऊन-येऊन करतो.

कारखाना लहानच. पत्र्याची शेड, पुढे ऑफिसची खोली. ट्रॉलीचे आणि पंपाचे सुटे भाग बनवायचो आम्ही. मालक कल्याणचे, भला माणूस, जरा घाबरट. घाटापलीकडच्या एका मोठ्या कारखान्याला विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी बॅटरीच्या पेट्या हव्या होत्या. पेटी अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे वजनाला हलकी, आणि तिला गाडीवर बसवायच्या पट्ट्या पोलादाच्या, म्हणजे दणकट. रिव्हेट नको, बोल्ट नको, लेझरनं जोडून द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आपलं मशीन आमच्या शेडमध्ये आणून ठेवलं. नमुन्याचे तुकडे जोडून पाठवायचे, ते त्यांच्या चाचण्यांत टिकले तर मशीन मुरबाडातच राहणार आणि काम आम्हाला मिळणार. नाही टिकले तर मशीन परत घाटापलीकडे. मशीन राहिलं तर मी घरी राहणार, एवढा साधा हिशेब होता, आणि तो वहिनीला माझ्याआधी कळला.

"किती तुकडं लागतात रे पास व्हायला?" ती रोज विचारायची.

"सगळेच पास व्हावे लागतात."

"मंग नीट कर. चहाला उठू नको सारका."

करायचं काय असतं ते मी तिला आणि दादाला सांगून बघितलं. पोलादाची पट्टी वर, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा खाली, दोन्ही घट्ट दाबून धरलेले. लेझरचा किरण वरून पोलादावर फिरतो. पोलाद तापलं पाहिजे पण वितळता कामा नये. त्याच्या उबेनं खालचं अ‍ॅल्युमिनियम वितळतं, पोलादाच्या अंगाला लागतं आणि थंड होऊन तिथंच धरून बसतं. दोघांच्या मध्ये एक थर तयार होतो. थर पातळ तर जोड पक्का. किरण जरा रेंगाळला की थर जाड होतो, आणि मग जोड दिसतो छान पण हातात घेऊन वाकवला की कट्कन तुटतो. किरण घाईनं नेला तर मुळात चिकटतच नाही.

"राबासारखंच," दादा म्हणाला. पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून आम्ही माती भाजून घेतो, तो राब. "धीमं बी नको, भडका बी नको."

वहिनीनं वेगळंच विचारलं. "तो किरन दिसतो का?"

"नाही. डोळ्यांना दिसत नाही. उलट बघितलं तर डोळे जातील, म्हणून बंद पेटीत चालतं सगळं."

"दिसत नाय आनि काम करतो," ती म्हणाली, "मंग देवच की."

आम्ही तेव्हा हसलो. हसण्यासारखंच होतं.

मशीनपेक्षा जास्त जीव खाल्ला तो स्वच्छतेनं. पत्र्यावर बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी जोडात बुडबुडे येतात. म्हणून पत्रे स्पिरिटनं पुसायचे, हातमोजे घालूनच उचलायचे, आणि एका टेबलावर ठेवायचे ज्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या टेबलाला शेडमध्ये 'सोवळ्यातलं टेबल' नाव पडलं. मी तिथला भटजी. कुणी जवळ आला की मी अंगावर जायचो. चहाचा कप कुणी त्यावर टेकवला म्हणून मी एकदा एवढा आरडाओरडा केला, की मालक ऑफिसमधून धावत आले, त्यांना वाटलं कुणाचा हात कापला. माझा स्वभाव तापट आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या टेबलावर मी सांभाळत होतो ते नुसते पत्रे नव्हते.

सुरुवातीचे जोड पापडासारखे मोडले. पावसाळाभर हेच चाललं होतं. सकाळी लावणी, मग चिखलाचे पाय धुऊन एसटी, मग दिवसभर कट्, कट्. तुटलेल्या तुकड्यांचा डबा भरला की भंगारात रिकामा करायचा. वहिनी माझं तोंड बघूनच ओळखायची आणि त्या दिवशी प्रश्न विचारायची नाही, गुपचूप सुकटीची चटणी जास्त वाढायची.

आणि एक दिवस जोड तुटला नाही. मी तुकडा शिकंज्यात धरला, पक्कडीनं पोलादाची पट्टी सोलायला घेतली, जोर लावला, आणखी जोर लावला, आणि फाटलं ते अ‍ॅल्युमिनियम. जोड तसाच होता. पोलादाला अ‍ॅल्युमिनियमचा फाटका तुकडा चिकटून राहिला होता, सोडायला तयार नाही. मी पक्कड टाकली आणि तिथंच खाली बसलो. इतकी वर्षं मी कितीतरी लोखंड जोडलं आहे, पण त्या दिवशी जे वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते. मशीनचा वेग, किरणाची ताकद, सगळं तेच ठेवून मी पुढचे तुकडे केले. सगळे तसेच निघाले.

एक जास्तीचा तुकडा मी घरी आणला. तळहाताएवढा, अर्धा काळसर, अर्धा चकचकीत पांढरा, मधून जोडाची बारीक रेघ. वहिनीनं तो दोन्ही हातांनी ओढून बघितला, दातानं चावून बघितला, दादाला ओढायला लावला.

"नाय सुटत," ती म्हणाली.

"सुटणार नाही."

"मंग पास?"

"इथं पास. त्यांच्याकडे व्हायचेत अजून."

तिनं तो तुकडा धुऊन देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, खंडोबाच्या टाकाशेजारी. मी म्हटलं, अगं, हे देव्हाऱ्यात ठेवायचं काम नाही. ती म्हणाली, तू तुजं काम कर, देवाचं मी बगते.

घाटापलीकडे पाठवायचे तुकडे तयार झाले ते नवरात्रात. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी दुपारी टेम्पो येऊन तुकड्यांची लाकडी पेटी घेऊन जाणार होता. मालकांनी सगळ्यांना घरच्या माणसांना घेऊन यायला सांगितलं. दादा एसटीत बसून येण्यासारखा नव्हता, वहिनी आली. नवी साडी, डोक्यात अबोली, हातात पूजेचं ताट, आणि पिशवीत तिनं स्वतः केलेलं तोरण. झेंडू, आंब्याची पानं आणि मधे मधे आमच्या शेतातल्या भाताच्या लोंब्या. लोंब्या अजून हिरवट होत्या. ते तोरण तिनं लेझरच्या मशीनला बांधलं आणि जरा मागे सरून बघितलं, नवरी सजवल्यावर बघतात तसं.

मी मागच्या खोलीत कॉम्प्रेसरला माळ घालत होतो. कॉम्प्रेसरला कुणी विचारत नाही, म्हणून दरवर्षी मीच घालायचो. बाहेर आरती झाली, टाळ्या झाल्या, नारळ फुटल्याचा आवाज आला. मी बाहेर आलो तर सोवळ्यातल्या टेबलावरच्या माझ्या तुकड्यांवर, प्रत्येकावर, हळदकुंकवाचं बोट होतं. तुकडे ओलसर होते, पण कुंकू कालवून लावलं की ओल राहतेच, असं मला वाटलं.

दुसरं कुणी असतं तर मी त्याला शेडबाहेर काढलं असतं. पण ती माझ्याकडे बघून हसत होती. मालकांची बायको म्हणाली, "अहो, आज ओरडायचं नाही हं, सणाचा दिवस आहे." मी स्पिरिटचं फडकं घेतलं आणि प्रत्येक तुकडा खालून-वरून पुसून काढला. जोड तर झालेलाच होता, आता कुंकवानं काय होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. टेम्पोवाला दारात हॉर्न मारत होता. पेटी भरली, खिळे मारले, वहिनीनं पेटीलाही हात जोडले. परत येताना एसटीत ती सगळा वेळ बोलत होती, घराच्या मागच्या अंगाला एक खोली कशी काढता येईल, तिचं दार कुठल्या बाजूला करायचं. टोकावड्याला उतरेपर्यंत खोलीला खिडकीसुद्धा झाली होती.

पेटी परत आली ती भाताची झोडणी चालू होती तेव्हा. मालकांनी मला ऑफिसमध्ये बोलावलं आणि पेटीकडे बोट केलं. त्यांच्याकडे तुकडे बरेच दिवस ओलसर उबेत ठेवून बघतात. गाडी पावसातून, चिखलातून जाणार, म्हणून ही चाचणी. मी पहिला तुकडा उचलला आणि पोलादाची पट्टी माझ्या हातात आली. दुसराही तसाच. मला वाटलं थर जाड राहिला असेल. पण मोडलेला जोड मला ओळखता येतो, हा मोडलेला नव्हता. आतून खाल्लेला होता. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती, आणि तिच्या कडेला, पुसायचं फडकं पोचणार नाही अशा जागी, लालसर रेघ होती.

जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन पत्र्यांच्या मधे नखही जाणार नाही एवढी फट राहते. त्या फटीत पाणी गेलं की ते आपणहून आत ओढलं जातं आणि बाहेर येत नाही. वरून कितीही पुसा. आणि ते पाणी खारट असलं, की दोन वेगळ्या धातूंच्या मधे बसून ते अ‍ॅल्युमिनियम हळूहळू खात राहतं. हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की पाणी आलं कुठून.

घरी गेलो तेव्हा वहिनी खळ्यावर भात वारवत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, त्या दिवशी कारखान्यात नारळ कुठं फोडलास गं?"

तिचा चेहरा उजळला. "मशीनच्या पायाशी. आनि पानी वाया नाय घालवलं हां. अर्दं मशीनवर शिंपडलं नि बाकी सगळं तुज्या त्या तुकड्यांवर, एकेकाला धार धरून. मालकीनबाई बोलल्या, एवढं कशाला. मी बोलले, आमच्या घराचं सगळं त्यांच्यावर हाय."

सूप तिच्या हातात होतं, भुसा माझ्या अंगावर उडत होता. मी 'बरं केलंस' म्हणालो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय म्हणणार होतो?

मालकांना मात्र मी खरं कारण सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "हे मी त्यांना फोनवर सांगू कसं?" ते म्हणाले. "देवाला नारळ फोडला म्हणून जोड सुटला, असं?" तरी त्यांनी फोन केला. नारळ वगळून सांगितलं, तुकड्यांना चुकून ओल लागली होती, आम्ही परत करून पाठवतो. पलीकडून उत्तर आलं, गाडीलाही चुकून ओल लागणारच आहे. त्यांचं चूक नव्हतं. शिवाय तोवर त्यांच्याच शेडमध्ये दुसऱ्या मशीनवर कुणाला तरी जमलं होतं. थंडीत ट्रक आला आणि मशीन घेऊन गेला. वहिनीचं तोरण अजून त्याच्यावर होतं, झेंडू वाळून काळा पडला होता, लोंब्यांतले दाणे उंदरांनी खाल्ले होते. कुणी ते काढलं नाही. मीही नाही.

मशीनमागोमाग मला बोलावणं आलं. ज्याला त्या मशीनची खोड माहीत आहे तो माणूस त्यांना हवा होता. मुरबाडात पुन्हा ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या आणि मालकांना सगळ्यांना ठेवणं जमणार नव्हतं. मी गेलो. आता मी माळशेज घाटापलीकडे राहतो, एका खोलीत, पुन्हा तसाच. सुट्टी मिळाली की घाट उतरून येतो. धुकं असेल तर एसटी रखडते आणि माझा अर्धा दिवस घाटातच जातो. दादानं निम्मी शेती अर्धेलीनं दुसऱ्याला दिली. मागची खोली निघाली नाही. एक मुलगी जवळजवळ ठरली होती, तिच्या बापानं सांगितलं, पोरगा घरी राहणारा होता म्हणून बघितलं होतं. वहिनी त्या माणसाला खूप बोलली. मग चुलीपुढे जाऊन बसली.

वाईट वाटतं का, असं मला कुणी विचारलेलं नाही, पण वाटतं. रोज वाटतं. तिकडे माझं काम चांगलं आहे, साहेब लोक नावाजतात, आणि जोड उत्तम येतात. प्रत्येक जोड बघताना मनात येतं, की हाच तर मी मुरबाडात केला होता. तिच्यावर मी एका क्षणासाठीही रागावलो नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. रागावलो होतो. घाटातल्या एसटीत बसून मी तिला मनातल्या मनात पुष्कळ बोललो आहे. घरी पोचेपर्यंत राग उतरायचा, कारण ती रस्त्यावर धाब्याजवळ उभी असायची, एसटी उशिरा येणार हे माहीत असूनही वेळेवर.

घरी मी एवढंच सांगितलं होतं, की गिऱ्हाइकाला माल पसंत पडला नाही. तिनं कारण विचारलं नाही, गिऱ्हाइकाला शिव्या दिल्या.

श्रावणात मी आलो होतो. जेवण झाल्यावर तिनं देव्हाऱ्यातून काहीतरी आणलं आणि माझ्यापुढे पाटावर ठेवलं. तो तुकडा होता. म्हणजे आता दोन तुकडे होते, पोलाद वेगळं, अ‍ॅल्युमिनियम वेगळं, आणि मधे ती पांढरी भुकटी.

"देव उजळाय घेतले नि हातातच सुटला रे," ती म्हणाली. "मी काय जोर नाय लावला. परत जोडशील?"

"नाही जोडता येत परत. आतलं गेलं की गेलं."

"मी रोज पानी घालत व्हते त्याला. देवाबरोबर. पान्यानं सुटला का?"

मी उत्तर देण्याआधी तिनं अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा उचलला, भुकटीवरून बोट फिरवलं आणि ते बोट चुलीच्या उजेडाकडे धरलं. हे तिच्या ओळखीचं होतं. जर्मनच्या टोपात चिंचेचं किंवा मिठाचं काही राहिलं तर असंच पांढरं येतं, म्हणून आमच्याकडे लोणचं कधी जर्मनात ठेवत नाहीत. हे मला तिनंच शिकवलं होतं, मी एकदा कैऱ्या मीठ लावून टोपात ठेवल्या होत्या तेव्हा, कान धरून. ती त्या बोटाकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर काहीतरी सरकताना मला दिसलं.

"नारळाचं पानी खारट असतं का रे?" तिनं विचारलं.

दादा भिंतीला टेकून बसला होता, त्यानं माझ्याकडे बघितलं.

"पाण्यानं नाही सुटला," मी म्हणालो. "आमचा जोडच कच्चा होता. मलाच नीट जमलं नव्हतं तेव्हा."

ते शब्द मला जड गेले. ज्या जोडापुढे मी जमिनीवर बसलो होतो, त्याला मी स्वतःच्या तोंडानं कच्चा म्हणालो. पण दुसरा इलाज नव्हता, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन.

"मंग ठीक," ती म्हणाली. दोन्ही तुकडे तिनं पदरात घेतले आणि आत नेले. देव्हाऱ्यात ते नंतर दिसले नाहीत. कुठे ठेवले ते मी विचारलं नाही.

यंदा खंडेनवमीला मी रजा काढून घरी आलो. अंगणात पाटावर तिनं सगळी अवजारं मांडली होती. कोयते, विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, आणि बाजूला माझा जुना वेल्डिंगचा होल्डर, जो मी घाटापलीकडे नेला नव्हता. झेंडू होता, लोंब्या होत्या. हळदकुंकू तिनं कोरडंच वाहिलं, चिमटीनं, टेकवल्यासारखं. आरती झाली. मी नारळ घेऊन पाटाजवळ वाकलो तशी ती पटकन म्हणाली, "हितं नको." माझ्या हातातून नारळ घेऊन ती फाटकाबाहेर, पार रस्त्याच्या कडेला गेली, तिथल्या दगडावर तिनं तो फोडला आणि पाणी सगळं मातीत जाऊ दिलं. खोबरं घेऊन परत आली, हात पदराला पुसले, आणि मग पाटापुढे बसून एकेक अवजार उचलून पदरानं पुसायला लागली. पाणी त्यांना कुठं लागलंच नव्हतं. तरी पुसत होती, मुठीच्या खाचेतून, पात्याच्या बुडातून.

सगळ्यात शेवटी तिनं माझा होल्डर पुसला आणि माझ्याकडे वर बघितलं नाही.

"कोरडा हाय ना रे?" तिनं विचारलं. "नीट बग."

मी हातात घेऊन सगळीकडून बघितला.

"हाय, वहिनी," मी म्हणालो. "कोरडाच हाय."